मूल संस्थेत ठेवण्याआधी

जून महिना जवळ आला की विहारातल्या महिला मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. नवरा वारला किंवा सोडून गेला, आई चार घरची धुणीभांडी करते, घरात म्हातारी सासू आणि पोरं दिवसभर वस्तीत एकटी. कुणीतरी सुचवतं, "एखाद्या संस्थेत ठेव. दोन वेळचं जेवण मिळेल, शाळाही होईल." मग ती बाई विचारते, "ठेवू का?"

हा प्रश्न आम्ही आरोग्याच्या पानावर घेतो आहोत, कारण मूल कुठे आणि कुणाजवळ वाढतं याचा परिणाम त्याच्या शरीरावर, मेंदूवर आणि मनावर होतो.

हॉस्टेल वेगळं, बालगृह वेगळं

वस्तीत सगळ्यालाच आपण 'बोर्डिंग' म्हणतो. पण यात मोठा फरक आहे. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केलं, ते शिकणाऱ्या मुलांसाठी. समाजकल्याण खात्याची आजची वसतिगृहं आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या निवासी शाळा त्याच वाटेवरच्या आहेत. तिथे मूल शिकायला जातं, सुट्टीत घरी येतं आणि आई-बापाचा त्याच्यावरचा हक्क तसाच राहतो.

बालगृह हे ज्या मुलांना काळजी आणि संरक्षणाची गरज आहे त्यांच्यासाठी असतं. तिथे मूल जातं ते बाल कल्याण समितीच्या आदेशाने. ही समिती जिल्ह्यात असते आणि बाल न्याय कायदा 2015 प्रमाणे चालते. समिती आधी घरची चौकशी करते, मग निर्णय देते. एकदा आदेश झाला की मनात आलं म्हणून मूल उचलून आणता येत नाही, समितीकडे अर्ज करावा लागतो. म्हणून आपण मूल नेमकं कुठे ठेवतो आहोत, हे पहिल्याच दिवशी विचारा.

कायदा काय सांगतो

याच कायद्यात स्पष्ट तत्त्व आहे की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. संयुक्त राष्ट्रांनीही 2009 मध्ये मान्य केलं की फक्त गरिबीमुळे मूल आई-बापापासून तोडू नये, त्या घराला मदत करावी. तेव्हा "तुझी परिस्थिती नाही, मूल देऊन टाक," असं कुणी म्हणालं तर मान खाली घालू नका. परिस्थिती नाही म्हणूनच मदत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

घरातच मदत मिळते

महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना आहे. आई किंवा बाप वारलेला, दोघंही नसलेली, आई-बापाला गंभीर आजार असलेली किंवा ते तुरुंगात असलेली, अशा मुलांना घरीच किंवा नातेवाइकाकडे वाढवण्यासाठी महिन्याला 2250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिना 4000 रुपये आहेत. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न गावात 72,000 आणि शहरात 96,000 रुपयांच्या आत लागतं. तुमच्या मुलाला कोणती योजना बसते, ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि असेल तर मृत्यूचा दाखला एका पिशवीत तयार ठेवा.

आजी, मावशी, आत्या, काका यांच्यापैकी कुणी मूल सांभाळायला तयार असेल, तर तेही समितीला सांगा. ओळखीच्या माणसांत राहिलेलं मूल लवकर सावरतं.

लहान मुलाला एक ठरलेलं माणूस लागतं

रुमानिया देशात एके काळी हजारो मुलं सरकारी अनाथालयांत होती. 2000 सालापासून तिथे बुखारेस्ट शहरात डॉक्टरांनी अशा 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. अर्धी मुलं संभाळ करणाऱ्या कुटुंबांत दिली, बाकीची संस्थेच्या सांभाळात राहिली. पुढे तपासलं तेव्हा कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माया लावण्याची ताकद जास्त चांगली दिसली. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

तिथली अनाथालयं फार वाईट अवस्थेत होती, आपल्याकडचं प्रत्येक बालगृह तसं नाही. पण धडा आपल्यालाही लागू आहे. संस्थेत बायका पाळीने येतात, आज एक तर उद्या दुसरी. तान्ह्या मुलाला रडल्यावर तेच हात, तोच आवाज लागतो. म्हणून मूल जितकं लहान, तितकं त्याला संस्थेत ठेवण्याआधी जास्त विचार करा.

कधी ठेवावंच लागतं

घरात मारझोड आहे, दारू पिऊन कुणी मुलीच्या अंगाला हात लावतो, सांभाळायला खरंच कुणी उरलेलं नाही, तर चांगलं बालगृह मुलाचा जीव वाचवतं. अशा आईला "पोटचं पोर टाकलं" म्हणून नाव ठेवू नका. तिने मुलाला धोक्यातून बाहेर काढलं आहे.

पण काही गोष्टी सांभाळा.

संस्था नोंदणीकृत आहे का, ते समितीकडे विचारा. नोंदणीशिवाय मुलं ठेवणं हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापेक्षा कमी नाही इतका दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वस्तीत येऊन "फुकट इंग्लिश मीडियम" सांगत मुलं गोळा करणाऱ्यांच्या हाती मूल देऊ नका.

कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही, अंगठा करू नका. 'मूल समर्पण' असा कागद असेल तर थांबा. तो मूल कायमचं सोडून दिल्याचा कागद आहे. केलाच असेल तर फेरविचाराला दोन महिने असतात. त्यानंतर मूल दत्तक जाऊ शकतं.

मुलाचं लसीकरण कार्ड आणि औषधांची चिठ्ठी द्या. दमा, फिट, घरात कुणाला टीबी, सगळं सांगा. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल जास्त आढळतो. मुलाला तो असेल तर कार्ड द्या आणि सांगा: पाणी भरपूर, थंडीपासून जपायचं, औषध चुकवायचं नाही, ताप किंवा अंगदुखी आली तर लगेच दवाखाना.

भावंडं असतील तर एकत्र ठेवायची मागणी करा.

मुलाला खरं सांगा

"दुकानातून खाऊ आणते," म्हणून आई निघून गेली, तर मूल त्या दारात बसून राहतं आणि पुढे कुणावरच विश्वास ठेवत नाही. आधी घरीच सांगा: तू का चालला आहेस, मी कधी येणार, यात तुझी काही चूक नाही. सोबत घरचा फोटो किंवा आईच्या लुगड्याच्या गोधडीचा तुकडा द्या. भेटीचा दिवस विचारून घ्या आणि तो चुकवू नका. एक दिवसाची मजुरी बुडेल, ते सोपं नाही. पण मुलं तो दिवस मोजत असतात. आईला जमत नसेल तर मामा, आत्या, शेजारची ताई, कुणीतरी जा.

सुरुवातीला अंथरुणात लघवी होते, मूल रात्री दचकतं, गप्प होतं किंवा कुणालाही चिकटतं. ही मस्ती नाही, दुखावलेल्या मनाची खूण आहे. रागावू नका. पण अंगावर वळ, घटलेलं वजन, खरूज बरी न होणं, लघवीच्या जागी दुखणं, परत जायची भीती, असं काही दिसलं तर थांबू नका. बाल कल्याण समितीकडे जा किंवा 1098 वर फोन करा. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालतो.

आणि घर सावरलं की मूल परत मागा. कायद्यालाही मूल शेवटी घरी जावं हेच हवं आहे.

महिला मंडळांना आमची विनंती आहे. आपल्या वस्तीतली किती मुलं बाहेर संस्थेत आहेत, त्यांना शेवटचं कोण आणि कधी भेटून आलं, याची एक वही विहारात ठेवा. ज्याला भेटायला कुणी गेलेलं नाही, त्याच्याकडे पुढच्या महिन्यात कोण जाणार ते त्याच बैठकीत ठरवा. ज्या घरातून मूल जायच्या बेतात आहे, त्या बाईसोबत योजनेचा अर्ज घेऊन कार्यालयात एक जण जा. एकट्या बाईला "उद्या या" म्हणणं सोपं असतं, दोघी गेल्या की अर्ज पुढे सरकतो.

जय भीम.