बंदुकीवर दिव्याचा स्कोप बसवताय? आधी हे पाहा

तूर शेंगांवर आली, हरभरा वर आला की मारेगाव तालुक्यात रात्रीची जागल सुरू होते. धुऱ्यावर मचाण, हातात टॉर्च, सोबत फटाके आणि वाजवायला टिनाचा डबा. एवढे करूनही सकाळी वावरात जावे तर रानडुकरांच्या कळपाने पिकाच्या ओळीच्या ओळी उकरून ठेवलेल्या असतात. रोही आले तर तुरीचे शेंडे गायब.

अशा दिवसांत मोबाइलवर स्कोपची जाहिरात हमखास दिसते. छोटासा, वीतभर लांबीचा, आत लाल ठिपका पेटणारा. ‘अंधारातही अचूक नेम’ असे खाली लिहिलेले. परवान्याची बंदूक घरात असलेल्या शेतकऱ्याला तो घ्यावासा वाटणे साहजिक आहे. पण घेण्याआधी तो स्कोप नेमके काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घेतलेले बरे. त्याहीआधी गोळी झाडण्याचा अधिकार आपल्याला आहे का, ते पाहावे लागेल.

परवाना बंदुकीचा, परवानगी शिकारीची

हे दोन वेगळे कागद आहेत आणि गोंधळ इथेच होतो. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम १९५९ खाली मिळतो. रानडुक्कर मारण्याची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली, वन विभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने मिळते. पीक खाणारे रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी अशी परवानगी देण्याची पद्धत राज्य शासनाने २०१५ मध्ये ठरवली. त्यासाठी अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करायचा असतो. तोंडी ‘मार’ म्हटलेले चालत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहेत. शिवाय कायद्यातली ‘शिकार’ फक्त मारण्यापुरती नाही. जखमी करणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. म्हणून ‘एअरगन आहे, तिला लायसन्स लागत नाही’ हे उत्तर इथे कामाचे नाही. ०.१७७ बोअर आणि २० ज्यूलपर्यंत शक्ती असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही हे खरे, पण तिने डुकरावर छर्रा मारला तरी ती शिकारच. वर डुक्कर मरत नाही, फक्त जखमी होते. चिडलेले जखमी डुक्कर पऱ्हाटीत दबून बसले असेल, तर सकाळी कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला ते आधी भेटणार.

तुमच्याकडची बंदूक कोणती?

शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. अनेक शेतकऱ्यांकडे तीच असते, काहींकडे बारा बोअर. या दोन्हींवर स्कोप बसवण्यात फारसा अर्थ नाही, असे माझे सरळ मत आहे. ठासणीची बंदूक आणि छऱ्याचे काडतूस यांचा भरवसा ३०-४० मीटरपर्यंतचा. एकच मोठी गोळी असलेले स्लग काडतूस वापरले तरी साध्या नळीतून पन्नास-साठ मीटरपलीकडे नेम सुटतो. स्कोप लावल्याने बंदुकीचा पल्ला वाढत नाही. वाढतो तो फक्त चालवणाऱ्याचा आत्मविश्वास, आणि तोच धोक्याचा.

उरली रायफल. आपल्याकडे इशापूरच्या कारखान्यात बनलेली ०.३१५ स्पोर्टिंग रायफल बऱ्याच जुन्या परवान्यांवर आहे. तिची घडण जुन्या ली-एनफिल्डची. वरून गोळ्या भरायच्या असल्याने स्कोप थेट डोक्यावर बसवला की भरण्याची वाट अडते. त्यामुळे वेगळा माउंट लागतो आणि तो जाणकार परवानाधारक कारागिराकडूनच बसवून घ्यावा. बंदुकीत कोणताही बदल करण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारून घ्या. ऑनलाइन दुकानदार ‘सगळे कायदेशीर आहे’ म्हणतो, पण उद्या चौकशीला उभा तो राहणार नाही.

लाल ठिपका काय करतो?

स्कोपमधून पाहिले की मध्ये काळी क्रॉसची खूण दिसते. संध्याकाळी काळ्या डुकरावर ही काळी खूण हरवून जाते. ती दिसावी म्हणून मधला भाग लाल उजळतो. दिव्याच्या स्कोपचे काम एवढेच. तो समोरचा प्राणी उजळत नाही. त्याला नाइट व्हिजन समजून पैसे मोजणारे बरेच आहेत.

उलट ठिपका जास्त तेजस्वी असेल तर नुकसानच. अंधाराला सरावलेले डोळे दिपतात आणि ठिपक्याच्या मागचे काहीच दिसत नाही. म्हणून दुकानात ‘किती उजळतो’ हे विचारू नका, ‘किती मंद होतो’ ते विचारा. दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन सर्वांत कमी पायरीवर पाहा. ठिपका जेमतेम जाणवावा. नळीच्या आतल्या भिंतीवर लाल चकाकी पसरत असेल तर तो स्कोप परत ठेवा. पूर्ण क्रॉस पेटणाऱ्यापेक्षा फक्त मधला बारीक ठिपका पेटणारा चांगला. सेल बंद करूनही पाहा, काळी खूण स्पष्ट दिसायलाच हवी. यात बहुधा नाण्यासारखा सीआर २०३२ सेल असतो आणि तो नको त्या क्षणी संपतो.

आकडे कसे वाचायचे?

स्कोपवर १-४×२४, १-६×२४, ३-९×४० असे लिहिलेले असते. पहिले दोन आकडे म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते, शेवटचा म्हणजे समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. २४ ला ४ ने भागा, ६ मिमी. २४ ला ६ ने भागा, ४ मिमी.

अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती ५ च्या आसपास येते. म्हणजे १-६×२४ स्कोप दिवेलागणीला सहा पटीवर ठेवला तर चित्र मोठे दिसेल, पण काळपट. तोच चार पटीवर आणला की उजळ. छोटा स्कोप घेणाऱ्याने हे एवढे गणित लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. मारेगावच्या शेतात डुक्कर दिसते ते बहुतेकदा पन्नास-शंभर मीटरच्या आत. तिथे चार पटीच्या वर जाण्याची गरजच नाही.

कमी पटीचा दुसरा फायदा मोठा आहे. एक पटीवर शंभर मीटरवरची तीसेक मीटर रुंद जागा एका नजरेत दिसते. नऊ पटीवर ती जेमतेम चार मीटर उरते. त्या चार मीटरच्या बाहेर, तुरीच्या आड, शेजारच्या वावरातला जागल्या उभा असेल तर तो दिसणार नाही. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेती जंगलात शिकारीला गेलेल्यांनी रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली आणि तो मेला. झुडपात हालचाल झाली, बाकीचे डोक्याने भरून काढले. असे अपघात याच पद्धतीने होतात.

आपल्याकडे त्यात आणखी भर आहे. टिपेश्वरचे वाघ अभयारण्याची हद्द मानत नाहीत, अस्वलेही फिरतात. झुडपामागची काळी आकृती डुकराचीच असेल असे नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात टी-१ म्हणजे अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा तर शासनाचा आदेश होता. तरीही रात्री गोळी का झाडली, आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, हे प्रश्न पुढे कित्येक महिने विचारले गेले.

म्हणून स्कोपच्या आधी चांगली हातातली दुर्बीण घ्या, असे मी म्हणेन. आधी दुर्बिणीने ओळखायचे, मग बंदूक उचलायची. काय आहे ते पाहण्यासाठी स्कोप फिरवणे म्हणजे भरलेली बंदूक फिरवणे.

छोट्या पण महत्त्वाच्या गोष्टी

स्कोप आणि डोळा यांत साधारण नऊ सेंटीमीटर अंतर राहिले पाहिजे. कमी असेल तर धक्क्याने त्याची कड भुवईवर बसते आणि टाके पडतात. एअरगनसाठीचा स्वस्त स्कोप रायफलवर लावू नका, चार-सहा गोळ्यांत आतली खूण सरकू लागते. नेम जुळवण्यासाठीच्या बटणाची एक ‘क्लिक’ बहुतेक स्कोपमध्ये शंभर मीटरवर सुमारे ७ मिमीची असते. ही जुळवणी परवानगी असलेल्या रेंजवरच करायची, वावरात नाही. काडतुसांना परवान्यावर मर्यादा असते, तिचाही हिशेब ठेवा.

मारेगावची बरीचशी काळी जमीन सपाट आहे. रायफलची गोळी अडली नाही तर तीन किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते, म्हणजे पलीकडच्या गावापर्यंत. मागे मातीचा उंचवटा नसेल, तर स्कोपमध्ये डुक्कर कितीही छान दिसो, गोळी झाडायची नाही. मचाणावरून खाली झाडलेली गोळी जमिनीत जाते, धुऱ्यावर बसून आडवी झाडलेली जात नाही.

आणि डुक्कर पडले तर? त्याला हात लावू नका. कलम ३९ प्रमाणे परवानगीने मारलेला प्राणीही शासनाच्या मालकीचा असतो. वनरक्षकाला कळवा, पंचनामा होईपर्यंत तिथेच थांबा. मटणाचा वाटा मागायला गावातले कोणी आले, तर त्यांना परवानगीचा कागद दाखवा.