चिल्लई कलानची कमाई

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरला चिल्लई कलान सुरू होतो. हे चाळीस दिवस कडाक्याच्या थंडीचे. त्यामागून वीस दिवसांचा चिल्लई खुर्द येतो आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. शेतं गोठलेली, नळ गोठलेले. घरोघरी उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या भाज्या शिजतात आणि फेरनच्या, म्हणजे लांब सैल झग्याच्या, आत निखाऱ्यांची कांगडी धरून माणसं दिवस काढतात. बारामुल्ला जिल्ह्यातल्या तंगमर्गच्या गावांमध्ये मात्र नेमक्या याच दिवसांत कामाची घाई उडते. कारण तिथून तेरा किलोमीटर वर, सुमारे २,६५० मीटर उंचीवर गुलमर्ग आहे.

जगातल्या स्वस्त स्की-ठिकाणांमध्ये गुलमर्गचं नाव आवर्जून घेतलं जातं. आल्प्समधल्या नामांकित गावात दिवसभराच्या लिफ्ट-पासालाच सात-आठ हजार रुपये सहज लागतात. गुलमर्गला गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरच्या पाळण्याच्या, दोन्ही टप्प्यांचं तिकीट दोन हजारांच्या आसपास पडतं. स्की आणि बूट भाड्याने मिळतात, शिकवणारा माणूस परवडतो. ही स्वस्ताई कोण पेलतं, याचा शोध घेऊ लागलं की गुलमर्गचा हिवाळा वेगळा दिसू लागतो.

छंदापासून धंद्यापर्यंत

१९२७ मध्ये ब्रिटिशांनी इथे स्की क्लब स्थापन केला. तेव्हा बर्फावर घसरणं हा साहेबांचा छंद होता. स्वातंत्र्यानंतर लष्कराने १९४८ मध्ये इथे आपली स्की-शाळा काढली. आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ती हीच. साठच्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था आली आणि सामान्य घरातल्या मुलांना माफक शुल्कात स्कीइंग शिकता येऊ लागलं. गोंडोलाचं काम ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं, पण खोऱ्यातल्या हिंसाचाराच्या काळात थांबलं. अखेर १९९८ मध्ये मधल्या कोंगडोरी स्थानकापर्यंतचा पहिला टप्पा चालू झाला आणि २००५ मध्ये दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत, मजल मारली. इतक्या उंचीवर पाळण्यात बसून जाता येतं म्हटल्यावर युरोप-रशियातले पट्टीचे स्कीअर येऊ लागले आणि हिवाळाही धंद्याचा मोसम झाला.

बर्फावरचा दिवस

या मोसमाची पहिली फेरी तंगमर्गहून निघते. ताजा बर्फ पडला की साध्या गाड्या तिथेच थांबतात आणि चाकांना साखळ्या बांधलेल्या सुमो वर जाऊ लागतात. त्या चालवणारे, साखळ्या चढवणारे, गमबूट आणि जाड कोट भाड्याने देणारे असे सगळेजण सकाळच्या अंधारातच कामाला लागलेले असतात. वर पोचल्यावर स्लेजवाले भेटतात. दोरी बांधलेल्या लाकडी फळीवर पर्यटकाला बसवायचं, चढावर ओढत न्यायचं आणि उतारावर स्वतः पुढे बसून पायांनी वेग आवरायचा, असं हे काम. त्यांच्या शेजारी घोडेवाले, गाईड आणि स्की शिकवणारे उभे असतात. शिकवणाऱ्यांतले अनेकजण या उतारांवरच लहानाचे मोठे झालेले, कुणाच्या तरी जुन्या, मोडक्या स्कीवर तोल सांभाळायला शिकलेले.

हॉटेलातली मुलं रात्री बुखारीत, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीत, लाकडं सारतात, पहाटे गोठलेल्या नळांशी झगडतात, छपरावरचा आणि वाटेवरचा बर्फ फावड्याने ओढतात. पर्यटकाला खोली उबदार मिळते, त्यामागे कुणाची तरी झोप खर्ची पडलेली असते. यातल्या बहुतेकांचं उत्पन्न त्या दिवशी वर आलेल्या माणसांवर ठरतं. रस्ता बंद झाला, वाऱ्यामुळे गोंडोला थांबला, तर त्या दिवसाचे पैसे गेले.

डोंगराची जोखीम

अफरवटचा भुसभुशीत, कोरडा बर्फ ही गुलमर्गची ख्याती आहे आणि धोकाही. वारा एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगावर साठवतो. खालचा थर कच्चा असेल तर वरचं सगळं ओझं एका माणसाच्या भाराने सुटतं. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रशिक्षण घेणाऱ्या लष्करी तुकडीवर हिमकडा कोसळून १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी दोन पोलिश स्कीअर आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन स्कीअर असेच गाडले गेले. प्रत्येक वेळी शोधाला धावणाऱ्यांत स्की पेट्रोलची आणि आसपासच्या गावांतली माणसं असतात. जून २०१७ मध्ये वादळी वाऱ्याने झाड उन्मळून गोंडोलाच्या तारेवर पडलं आणि पाळणा कोसळला. दिल्लीच्या एका कुटुंबातल्या चौघांबरोबर तीन स्थानिकही दगावले.

याहून मोठी जोखीम आता आकाशातून येते आहे. भूमध्य समुद्राकडून सरकत येणारे पश्चिमी झंझावात इथला बर्फ आणतात. ते रोडावले की सगळं अडतं. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानात गुलमर्गची कुरणं तपकिरी, उघडी पडली होती. २०२५ मध्ये बर्फाअभावी ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा इथला टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. स्पर्धा पुढे ढकलता येते. स्लेजवाल्याच्या घरचा महिन्याचा खर्च ढकलता येत नाही. पर्यटक आरक्षण रद्द करतो, हॉटेल माणसं कमी करतं आणि तोट्याचा शेवटचा भार सर्वांत कमी कमावणाऱ्यावर येऊन पडतो. मोसम कोरडा गेला तरी काही हाती पडेल अशी सोय त्याच्याजवळ नसते. गुलमर्गची स्वस्ताई शेवटी पेलतो तो हा माणूस.

या उतारांनी दिलंही पुष्कळ. स्कीअर गुल मुस्तफा देव १९८८ मध्ये कॅलगरीच्या हिवाळी ऑलिम्पिकला गेले. तंगमर्ग भागातला आरिफ खान २०२२ मध्ये बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू होता आणि जायंट स्लॅलम शर्यतीत ४५वा आला. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्की-साहित्याचं दुकान होतं. मोसमी धंद्यावर जगणाऱ्या घरातून ऑलिम्पिकपर्यंत वाट जाते, हे त्याने दाखवलं. अशी वाट आणखी मुलांना मिळायची तर घरी चूल पेटती राहिली पाहिजे.

इथे आपला, मराठी पर्यटकांचा संबंध येतो. काश्मीरला जाणाऱ्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांत सहाजण महाराष्ट्रातले होते. त्याच हल्ल्यात पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक घोडेवालाही गेला. ते दुःख आपलं आणि त्यांचं, दोघांचं आहे. पुन्हा जाणारे जातील तेव्हा काही गोष्टी आपल्या हातात आहेत. सरकारने ठरवून दिलेला दर आधी विचारावा आणि तो पुरता द्यावा. नोंदणीकृत गाईडच घ्यावा, आणि त्याने ‘आज वर जायचं नाही’ म्हटलं तर ऐकावं, त्या दिवसाचे पैसेही द्यावेत. शासनाच्या हातात याहून अधिक आहे: बर्फ न पडलेल्या मोसमासाठी विमा, हिमकड्यांच्या इशाऱ्याची आणि बचावाची भक्कम व्यवस्था, शिकवणाऱ्यांना प्रमाणपत्र आणि त्यानुसार मोबदला. यासाठी तिकिटावर थोडे पैसे जास्त पडले तर गुलमर्ग आपल्याला महाग होणार नाही, आणि तिथे राबणाऱ्याला मात्र पुढच्या हिवाळ्याची शाश्वती मिळेल.