उपग्रहाला न दिसणारी खोली

आमच्या जामबागेपासून मुसी चालत जाण्याच्या अंतरावर. २८ सप्टेंबर १९०८ च्या पुराचा विषय घरात अजून निघतो. तीच तारीख मला वेगळ्याच ठिकाणी भेटली. सिक्कीमच्या डोंगरात, हिमनदीच्या तोंडाशी साचलेलं दक्षिण ल्होनाक तळं आपल्या बाळानगरातल्या इस्रोच्या केंद्राने उपग्रहचित्रांवरून मोजलं होतं. २८ सप्टेंबर २०२३ : १६७.४ हेक्टर. ४ ऑक्टोबर : ६०.३. मधे, ३ तारखेच्या रात्री, तळं फुटलं. तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं, माणसं गेली.

पडद्यावर दिसलं म्हणजे कळलं, ही आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची खोड. पण चित्रात तळ्याचा पसारा दिसतो, खोली नाही. ती नीट मोजायला पाच हजार मीटरवर होडी न्यावी लागते, तीही बर्फ वितळल्यावरच्या मोजक्या आठवड्यांत.