आखातात ॲप म्हणतं ‘डिव्हाइस ऑफलाइन’. गावच्या घरचा कॅमेरा दिसत नसेल तर आधी काय बघाल?

कोकणातल्या मोहल्ल्यांत आता बऱ्याच घरांवर कॅमेरे दिसतात. कारण सगळ्यांना माहीत आहे. मुलगा दुबई, कुवेत किंवा रियाधला, आणि गावच्या मोठ्या घरात अम्मी-अब्बू दोघंच. काही घरं तर वर्षातले अकरा महिने कुलूपबंद असतात. ड्युटीवर निघण्याआधी मोबाइलवर गेट, अंगण, पडवी एकदा नजरेखालून घातली की जिवाला बरं वाटतं.

आणि एक दिवस ॲप उघडलं तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’. अम्मी नमाजला उभी असते म्हणून फोन उचलत नाही आणि इकडे मुलाचा जीव टांगणीला. मग घाईत दोन चुका होतात. कुणीतरी सांगतं, ‘डीव्हीआर रीसेट मार’. किंवा पासवर्ड भलत्याच माणसाच्या हातात दिला जातो. दोन्ही गोष्टी टाळता येतात. ‘ऑफलाइन’ याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो की घर आणि तुमचा मोबाइल यांच्यामधली एखादी कडी तुटली आहे. ती कोणती, हे क्रमाने शोधायचं.

चित्र तुमच्यापर्यंत येतं कसं?

कॅमेऱ्याचं चित्र आधी डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या पेटीत जातं. पेटीतून राउटरला, राउटरमधून केबलवाल्याच्या फायबरवर आणि तिथून इंटरनेटवर. तुमचं ॲप आणि घरची पेटी दोघंही कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतात आणि तो दोघांची गाठ घालून देतो. म्हणून नेट बंद पडलं तरी पेटीला वीज असेल आणि हार्डडिस्क ठीक असेल, तर रेकॉर्डिंग चालूच राहतं. तुम्हाला दिसत नाही, म्हणून काही नोंदलंच जात नाही असं नाही.

दोन प्रश्न, अर्धं काम

घरी फोन लागला की आधी एवढंच विचारा.

पहिला प्रश्न: डीव्हीआरला जोडलेल्या टीव्हीवर किंवा स्क्रीनवर चित्र दिसतं का? दिसत असेल तर कॅमेरे आणि पेटी ठणठणीत आहेत, भानगड नेटची आहे. एकच कॅमेरा काळा असेल तर त्या कॅमेऱ्याची वायर किंवा अडॅप्टर गेला असेल. सगळेच काळे असतील तर सगळ्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय तपासायला हवा.

दुसरा प्रश्न: गावातल्या कुणा भावाच्या किंवा पुतण्याच्या मोबाइलमध्ये तेच ॲप असेल, तर त्याने घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघावं. त्याला दिसतं आणि तुम्हाला नाही, याचा अर्थ घरी सगळं ठीक आहे. गडबड तुमच्या मोबाइलमध्ये, ॲपमध्ये किंवा तुमच्याकडच्या नेटमध्ये आहे.

घरी: लाईट आणि लाल दिवा

पावसाळ्यात सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे गेलेली लाईट. पुष्कळ घरांत डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो, पण राउटर आणि फायबरचा छोटा डबा साध्या प्लगवर. लाईट गेली की पेटी चालू, पण नेट बंद. दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या, नाहीतर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा.

लाईट असेल तर फायबरच्या डब्यावरचे दिवे बघायला सांगा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल पेटला असेल तर फायबरचा सिग्नलच येत नाहीये. झाड पडलं असेल, वायर तुटली असेल. अशा वेळी डीव्हीआरला हात लावू नका, सरळ केबलवाल्याला फोन करा.

दिवे ठीक असतील तर आधी फायबरचा डबा आणि राउटर बंद करून चालू करा. पाच मिनिटं थांबा, मग डीव्हीआर बंद-चालू करा. हा क्रम महत्त्वाचा आहे. राउटर उभा राहण्याआधी पेटी सुरू झाली, तर कधी कधी तिला नेट सापडत नाही.

राउटर बदलल्यावर बंद पडलं?

केबलवाला नवा राउटर लावून गेला आणि त्या दिवसापासून कॅमेरा दिसत नाही, ही तक्रार नेहमीची. वायफायवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला जुनंच नाव आणि पासवर्ड माहीत असतो. सोपा उपाय असा की नव्या राउटरला जुनंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्यायला सांगा. हे कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा ते चालू ठेवायला विसरू नका. कॅमेरे आपोआप जोडले जातील.

वायरने जोडलेल्या डीव्हीआरमध्ये अडचण वेगळी. जुन्या राउटरचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील आणि नव्याचे १९२.१६८.० ने, तर पेटीत हाताने भरलेला पत्ता निकामी होतो. डीव्हीआरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी’ चालू केलं की ती नवा पत्ता स्वतः घेते. त्याच मेनूत ‘पीटूपी’ किंवा ‘क्लाउड’ समोर ‘ऑनलाइन’ आलं की काम झालं. सरसकट रीसेट केलं तर या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात आणि दुकानदाराला बोलावण्याशिवाय इलाज उरत नाही.

‘पोर्ट उघडून देतो’ म्हणणाऱ्यांना

काही टेक्निशियन अजून जुनी पद्धत वापरतात: राउटरमध्ये पोर्ट उघडायचा आणि बाहेरून थेट डीव्हीआर गाठायचा. आज अनेक कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटून देतात. राउटरच्या ‘वॅन’ पानावरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, किंवा पत्ता १० ने सुरू होत असेल, तर पोर्ट कितीही उघडा, उपयोग नाही. शिवाय ते धोक्याचंही आहे. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. क्यूआर कोड स्कॅन करून ॲपमध्ये पेटी जोडण्याची पद्धत घरासाठी पुरेशी आहे.

तुमच्या बाजूला

कंपनीच्या किंवा कॅम्पच्या वायफायवर असं ॲप अडवलेलं असू शकतं. एकदा मोबाइल डेटावर बघा. ॲप अपडेट करा. काही ॲपमध्ये खातं उघडताना निवडलेला देश महत्त्वाचा असतो. खातं भारतात उघडलं आणि नव्या मोबाइलवर दुसरा देश निवडला, तर ‘खातं सापडत नाही’ असं येतं. चित्र अडखळत असेल तर एचडीऐवजी साधी क्वालिटी निवडा आणि चारही कॅमेरे एकदम न बघता एकच बघा. घरून चित्र बाहेर पाठवायला अपलोड स्पीड लागतो आणि तो अनेक प्लॅनमध्ये डाउनलोडपेक्षा कमी असतो.

चावी कुणाच्या हातात?

कॅमेरा बसवणारा अनेकदा स्वतःच्याच मोबाइलवर खातं उघडतो आणि तुम्हाला नुसतं ‘शेअर’ करतो. म्हणजे तुमच्या घरचं अंगण त्यालाही दिसतं. त्याच्यावर संशय घ्यायचा प्रश्न नाही, पण घराची चावी घरातच हवी. पेटी त्याच्या खात्यातून काढून तुमच्या खात्यात घ्यायला सांगा. भावाला, मेहुण्याला दाखवायचं असेल तर पासवर्ड देऊ नका, ॲपमधलं ‘शेअर’ वापरा. ते नंतर काढूनही घेता येतं. इंटरनेटवर शोधलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर ओटीपी किंवा मोबाइलचा ताबा कधीही देऊ नका. नंबर बॉक्सवर किंवा बिलावर असतो, तोच घ्या.

कॅमेऱ्याचं तोंड गेट आणि अंगणाकडेच असावं. शेजाऱ्याच्या दाराकडे किंवा घरातल्या खोल्यांकडे नसावं. सूरह हुजुरातच्या १२व्या आयतीत दुसऱ्यांच्या खाजगी गोष्टी शोधत बसायला मनाई आहे, हे आपण सगळे जाणतो. कॅमेरा कुठे आहे आणि त्यात आवाजही रेकॉर्ड होतो का, हे घरातल्या बायकांना आणि वडीलधाऱ्यांना सांगितलेलं असावं.

पुढच्या सुट्टीत गावी आलात की एक काम करा. केबलवाल्याचा आणि कॅमेरावाल्याचा नंबर, कोणता डबा आधी बंद करायचा आणि कोणता नंतर, हे मोठ्या अक्षरात कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवा. पासवर्ड मात्र त्या कागदावर नको. आणि विमानतळाला निघण्याआधी अम्मीकडून एकदा सगळं बंद-चालू करून घ्या. पुढे कधी ‘ऑफलाइन’ दिसलंच, तर इन्शाअल्लाह एका फोनमध्ये काम होईल.