नसलेल्या कार्डाचा ड्रायव्हर

इंटेलने १९९६ साली ४४०एफएक्स नावाचा चिपसेट काढला, पेंटियम प्रोच्या मदरबोर्डसाठी. तो बोर्ड आज भंगारवाल्याकडेही मिळायचा नाही. पण जामखेडच्या एका पतसंस्थेत तो अलीकडेच नव्याने बसला. कुणी स्क्रू पिळला नाही, कुणी बिल फाडलं नाही. टेबलाखाली गुरगुरणारी मशीन कोरी करकरीत, डिस्क आजच्या एनव्हीएमई जातीची. तरी तिच्यात चाललेल्या विंडोज सर्व्हरला विचारलं, की बाबा तू कशावर बसलायस, तर तो छातीठोकपणे सांगतो, ४४०एफएक्सच्या बोर्डावर.

तो खोटं बोलत नाही. त्याला तेच दाखवलं गेलंय.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभी केलेली दुसरी मशीन. बाहेरची ती होस्ट, आतली ती गेस्ट, आणि मध्ये बसून सगळा कारभार पाहणारा हायपरव्हायजर. एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. गंमत पुढे आहे. या कारभारात प्रोसेसर खोटा नसतो. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच तशी सोय केली आणि तेव्हापासून गेस्टच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर, पुऱ्या वेगाने चालतात. सोंग असतं ते बाकीच्या उपकरणांचं: डिस्क, नेटवर्क कार्ड, स्क्रीन, घड्याळ. उपकरणांशी बोलण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ड्रायव्हरकडे असतं. त्यामुळे व्हर्च्युअल मशीन अडली की माझा पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. सोंग उघडं पडतं ते तिथेच.

सोंगच घ्यायचं तर इतकं जुनं का? कारण जुन्याला सगळे ओळखतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये क्यूएमू हे सॉफ्टवेअर लोकांपुढे ठेवलं. संपूर्ण कॉम्प्युटर सॉफ्टवेअरमध्ये वठवायचा असा त्याचा आवाका. ज्याचा ड्रायव्हर विंडोज आणि लिनक्स आपल्या पोटातच घेऊन येतात असं उपकरण दाखवलं, की गेस्ट निमूट चालू होतो. म्हणून बोर्ड ४४०एफएक्सचा आणि नेटवर्क कार्ड इंटेलचं ८२५४०ईएम. व्हीएमवेअरनेही तोच मार्ग धरला, त्यांचा बोर्ड ४४०बीएक्स, १९९८ चा. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये पहिल्या पिढीची मशीन बनवून ‘लेगसी’ नेटवर्क कार्ड निवडलं, तर डेक कंपनीची २११४० ही चिप समोर येते. डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकने गिळली, पुढे कॉम्पॅकला एचपीने. कंपनीचं नाव पुसलं गेलं तरी तिचं कार्ड हायपर-व्हीत अजून कामावर आहे.

पण सगळी सोंगं आणता येतात, वेगाचं आणता येत नाही. खऱ्या ८२५४०ईएमला काम सांगायचं म्हणजे त्याच्या ठरावीक रजिस्टरमध्ये आकडे लिहायचे. गेस्ट तसं लिहायला गेला की तिथे रजिस्टर नसतंच. प्रोसेसर गेस्टला जागच्या जागी थांबवतो आणि ताबा हायपरव्हायजरकडे देतो. गेस्टला काय म्हणायचं होतं ते ताडून हायपरव्हायजर कार्डाच्या वतीने उत्तर तयार करतो आणि गेस्टला पुन्हा सोडतो. या एका हेलपाट्यात प्रोसेसरच्या शेकडो, कधी हजारो सायकली जातात. साधं एक पॅकेट पाठवायला असे हेलपाटे अनेक.

यातून सुटायची वाट साधी आहे: गेस्टला खरं सांगून टाकायचं. तू खऱ्या मशीनवर नाहीस, हे त्याला कळलं की नाटकाची गरज उरत नाही. ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. आयबीएमची व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये आली, तेव्हाच तिच्यातला सीएमएस हा गेस्ट ‘डायग्नोज’ ही सूचना वापरून डिस्कचं काम सरळ हायपरव्हायजरला सांगत असे. केंब्रिजच्या झेन प्रकल्पाने २००३ मध्ये तोच विचार साध्या पीसीवर आणला. मग २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम हा हायपरव्हायजर दाखल झाला, क्युमरानेट या इस्रायली कंपनीचा. त्याच सुमारास रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने व्हर्टिओ मांडलं.

व्हर्टिओ हे मला या सगळ्यातलं सर्वांत अजब प्रकरण वाटतं. ते नेटवर्क कार्ड आहे, डिस्क कंट्रोलर आहे, सिरियल पोर्टही आहे, आणि मुळात ते कधीच नव्हतं. ८२५४०ईएमचं निदान कुठल्यातरी कारखान्यात तांबं-सिलिकॉन झालं होतं. व्हर्टिओ जन्माला आलं तेच कागदावरच्या करारासारखं. गेस्ट आणि होस्ट दोघांना दिसेल अशा मेमरीत एक गोल रांग ठेवायची. गेस्टचा ड्रायव्हर तिच्यात दहा-वीस पॅकेटांचे पत्ते एकदम मांडतो आणि एकच हाक मारतो. होस्ट ती उचलतो, काम करतो, झाल्याची खूण ठेवतो. दर पॅकेटमागचे हेलपाटे गेले, दर ढिगामागे एक उरला.

तरी गेस्टच्या दृष्टीने ते पीसीआय कार्डच असावं लागतं, नाहीतर तो त्याच्याकडे पाहणारच नाही. पीसीआय कार्डाला दोन आकडे लागतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक मालाचा. इंटेलने स्वतःसाठी ८०८६ घेतला, आपल्या १९७८ च्या प्रोसेसरच्या नावाचा. व्हीएमवेअरचा १५एडी. व्हर्टिओला क्युमरानेटने आपला आकडा दिला: १एएफ४. पुढे २००८ मध्ये रेड हॅटने क्युमरानेट विकत घेतली, पण आकडा तोच राहिला.

हा आकडा ज्याला पाठ, त्याचं निम्मं काम झालेलं असतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसला की त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि तिथे हार्डवेअर आयडी. १एएफ४ च्या पुढे १००० असेल तर नेटवर्क कार्ड, १००१ असेल तर साधी डिस्क, १००२ म्हणजे मेमरीचा बलून, १००३ म्हणजे सिरियल, १००४ म्हणजे स्कझी कंट्रोलर. विंडोज त्रिकोणाशेजारी जे नाव लिहितं ते बहुधा कामाचं नसतं. आकडा मात्र फसवत नाही. नेटवरून ‘ऑल ड्रायव्हर्स’ छापाची सीडी उतरवून नशीब आजमावणाऱ्यांची मला खरोखर कीव येते.

आता जामखेडला येऊ. या पतसंस्थेत पिग्मीची वसुली, सोनेतारण, मुदतठेवी सगळं एका जुन्या टॉवर सर्व्हरवर चालत होतं, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर. त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टने १० ऑक्टोबर २०२३ नंतर नेहमीचे अपडेट देणं बंद केलं. खरं म्हणजे ते बदलायलाच हवं होतं. पण हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालवून द्यायला तो विक्रेता तयार नव्हता, आणि टॉवरची डिस्क कुरकुरायला लागली होती. मग नवी मशीन आली, तिच्यावर क्यूएमू-केव्हीएमवर उभं असलेलं, व्हिएन्नाच्या कंपनीचं प्रॉक्समॉक्स चढलं आणि जुना सर्व्हर आहे तसा उचलून तिच्यात गेस्ट म्हणून ठेवायचं ठरलं. २०२३ च्या अखेरीस ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर कायमचे परवाने बंद झाले, तेव्हापासून अशी छोटी ठिकाणं प्रॉक्समॉक्सकडे वळताना दिसतात.

डिस्कची नक्कल झाली. डिस्क व्हर्टिओ स्कझीवर टांगून गेस्ट चालू केला. विंडोजचं चिन्ह आलं, ठिपके फिरले आणि स्क्रीन निळी. फोन नगरला गेला, अशा कामांतल्या एका दादाला.

“दादा, रडकं तोंड आलंय.”

“खाली इंग्रजीत काय लिहिलंय?”

“इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.”

“अरे मग डिस्क चांगली आहे. त्याला दिसत नाहीये फक्त.”

हे उत्तर ऐकायला विचित्र वाटतं. ज्या डिस्कवरून विंडोज इथवर आलं तीच त्याला दिसत नाही म्हणजे काय? पण चालू होण्याच्या त्या पहिल्या काही सेकंदांत दोन वेगवेगळे पुढारी असतात. आधी कारभार बायोसकडे. बायोसला डिस्क वाचायची स्वतःची, संथ पण हमखास पद्धत येते. तिच्या मदतीने विंडोजचा कर्नल आणि अगदी सुरुवातीला लागणारे मोजके ड्रायव्हर मेमरीत येतात. मग कर्नल ताबा घेतो आणि बायोस बाजूला होतं. आता डिस्क वाचायची ती कर्नलने, आपल्या ड्रायव्हरने. तो मोजका गठ्ठा मात्र जुन्या टॉवरच्या कंट्रोलरसाठी बांधलेला. व्हर्टिओचा ड्रायव्हर त्यात नाही. डिस्कवर आणून ठेवला असता तरी तो वाचायला आधी तोच ड्रायव्हर हवा. पेटीची किल्ली पेटीतच.

नगरच्या दादाने सांगितलेली युक्ती जुनीच आहे, पण मला दर वेळी ती सुंदर वाटते. मुख्य डिस्क तात्पुरती आयडीईवर टांगायची. आयडीई विंडोजला उपजत कळतं, त्यामुळे ते सहसा उठतं. अडलंच तर सेफ मोडमध्ये उठतं. त्याच वेळी शेजारी एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टिओ स्कझीवर लावायची. त्या डिस्कवर काही ठेवायचं नसतं. नवा कंट्रोलर विंडोजच्या नजरेस पडावा, एवढंच तिचं काम. पिवळा त्रिकोण उगवतो, आयडी १एएफ४, १००४. विंडोजसाठीचे व्हर्टिओ ड्रायव्हर असलेल्या व्हर्टिओ-विनच्या आयएसओमधल्या व्हायोस्कझी फोल्डरात २०१२ आर२ चा चौसष्ट बिटी ड्रायव्हर असतो, तो दाखवायचा. विंडोज तो स्वीकारतं आणि सुरुवातीच्या त्या गठ्ठ्यात त्याचं नाव नोंदवतं. मग गेस्ट बंद करायचा, छोटी डिस्क फेकायची, मोठी तिच्या जागी लावायची. इथे पोरं हमखास चुकतात: बूट ऑर्डरमध्ये अजून जुनीच डिस्क असते, आणि ‘बूटेबल डिव्हाइस नाही’ हे वाचून ड्रायव्हर पुन्हा बिघडला असं वाटतं.

कोरं विंडोज सर्व्हर टाकताना हाच प्रश्न जरा सौम्य रूपात येतो. डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी असते. तिथे ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तोच आयएसओ दाखवला की डिस्क उगवते. आणि लिनक्सवाल्यांनी हसू नये. त्यांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येत असले तरी जुन्या मशीनवर बांधलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे त्यांच्या सुरुवातीच्या गठ्ठ्यात, व्हर्टिओ नसेल, तर तेही इमर्जन्सी शेलच्या दारात बसतात. शिवाय एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी एसडीए लिहिलेलं असेल, तर व्हर्टिओच्या साध्या डिस्कवर, १००१ वर, ते नाव व्हीडीए झालेलं असतं.

पतसंस्थेत डिस्क लागली, पण काउंटरवरचे कॉम्प्युटर सर्व्हरला जोडेनात. नेटवर्क कार्ड आता नवं, त्यामुळे आयपी पत्ता कोरा. जुनाच पत्ता घालायला गेलं तर विंडोज म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. दुसरं कार्ड दिसत तर नाही. ते जुन्या टॉवरमध्येच राहिलंय, आणि टॉवर वायर काढून कोपऱ्यात उभा. पण विंडोज आपल्या रजिस्ट्रीतून कुठल्याही उपकरणाला सहजी उठवत नाही. गेलेल्या कार्डाच्या नावावर पत्ता तसाच पडून राहतो, सातबाऱ्यावरच्या आजोबांसारखा. डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यू मेनूत लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं की ती फिकट रंगात वर येतात: जुनं कार्ड, जुना रेड कंट्रोलर, कधीकाळी लावलेले पेनड्राइव्ह. कार्ड अनइन्स्टॉल केलं, पत्ता मोकळा झाला आणि संध्याकाळचा डे-एंड नव्या मशीनवर झाला.

मग एकच पिवळा त्रिकोण उरला. शेजारी नाव ‘पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर’. डिस्क चालतेय, नेटवर्क चालतंय, काउंटर सुरू आहे. अशा वेळी नव्वद टक्के माणसं, मी अंदाजानेच म्हणतोय, तो त्रिकोण तसाच सोडून चहाला जातात.

आयडी पाहिला तर १एएफ४, १००३. व्हर्टिओचं सिरियल. लिनक्समधल्या याच भागाचं मोठं काम २०१० च्या सुमारास रेड हॅटच्या पुण्यातल्या एका अभियंत्याने केलं. या पोर्टाला कुठलीच तार लागत नाही. होस्ट आणि गेस्ट यांच्यात नेटवर्कला वळसा घालून जाणारी ती एक बारीक वाट आहे. गेस्टच्या आत क्यूएमू गेस्ट एजंट नावाची सेवा तिच्यावर कान लावून बसते. रात्रीचा बॅकअप सुरू होताना होस्ट याच वाटेने सांगतो, लिहिणं क्षणभर थांबव, अर्धवट नोंद नको. आणि लाईट गेली, यूपीएसची बॅटरी उतरत आली की यूएसबी तारेवरून ती खबर होस्टला मिळते, होस्ट स्वतः बंद व्हायला निघतो आणि त्याआधी याच वाटेने गेस्टला निरोप धाडतो, आवरून घे.

इथे एक फास आहे. प्रॉक्समॉक्समध्ये एजंटच्या चौकटीत टिक केलेली असेल पण आत ड्रायव्हर नसेल, तर होस्ट निरोप देतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. ठरलेली मुदत १८० सेकंदांची. ती संपली की गेस्टची वीज तोडावी तसा तो बंद होतो, डेटाबेसमध्ये पिग्मीची नोंद अर्धी लिहून झालेली असली तरी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं यूपीएस दगा देऊन गेला. पावसाळ्यातल्या जामखेडात हा प्रसंग वर्षातून एकदाच येईल असं महावितरणही छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

“दादा, तो एक त्रिकोण राहिलाय, पण सगळं चालतंय. राहू देऊ का?”

“व्हायोसिरियल टाक. मग एजंट टाक. आणि प्रॉक्समॉक्समधून शटडाउन दाबून बघ, किती सेकंदात बंद होतोय ते सांग मला.”