गोल्फच्या काठ्यांची घरगुती निगा

गोल्फ खेळून घरीं परतलेला गृहस्थ बहुधा काठ्यांची पिशवी कोपऱ्यांत उभी करतो आणि पुढच्या रविवारपर्यंत तिची आठवणही काढीत नाहीं. मुंबईसारख्या दमट हवेंत तेवढ्या अवधींत गंजाचें काम सुरूही होतें.

या खेळाच्या नियमांप्रमाणें एका फेरींत जास्तींत जास्त १४ काठ्या बाळगतां येतात. त्यांपैकीं आयर्न नांवाच्या काठ्यांच्या तोंडावर बारीक समांतर चर असतात. ते शोभेसाठीं नव्हेत. चेंडू व काठी यांच्यामध्यें सांपडलेलें पाणी व गवताचा रस त्या चरांत शिरतो. त्यामुळें चेंडूवर पकड बसते, त्यास उलटी गिरकी मिळते व तो हिरवळीवर पडून लवकर थांबतो. चर मातीनें बुजले कीं नेमका मारलेला चेंडूही पुढें घरंगळत जातो. खेळणारा हातास दोष देतो; दोष असतो चिखलाचा!

सफाईची रीत सोपी आहे. कोमट पाण्यांत थोडा सौम्य साबण विरघळवावा. पाणी कढत नसावें. कारण डोकें दांड्यास जोडणारा चिकट पदार्थ उष्णतेनें सैल होतो. आयर्नचें डोकें तेवढें बुडवावें, दांड्याचा सांधा पाण्यावर ठेवावा. पांच मिनिटांनीं दांत घासण्याच्या जुन्या ब्रशनें एकेक चर साफ करावा. तारेचा ब्रश वापरूं नये. त्यानें मुलाम्यावर ओरखडे पडतात. मग धुऊन लगेच कोरडें पुसावें. ड्रायव्हरचें पोकळ डोकें मात्र बुडवूं नये. ओलें फडकें पुरे.

रबरी मुठीवर घाम व तळहाताचें तेल सांचून ती निसरडी होते. साबणाच्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें ती घासावी व सावलींत वाळवावी. हातून निसटलेली काठी जवळ उभ्या असलेल्यास इजा करूं शकते.

आतां एक महत्त्वाचा इशारा. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट संस्थेनें १९२९ सालीं पोलादी दांड्यांस मान्यता दिली. तत्पूर्वीं बहुतेक दांडे हिकरी नांवाच्या अमेरिकन वृक्षाच्या लांकडाचे असत. समजा, एखाद्या घरीं माळ्यावर आजोबांची अशी काठी सांपडली आणि नातवानें मोठ्या भक्तिभावानें ती बादलींत उभी केली. तर लांकूड पाणी पिऊन फुगेल, वार्निश सुटेल व वाळतांना तडा जाईल. दोन पिढ्या टिकलेली वस्तु एका दुपारच्या सफाईनें नष्ट होईल! अशा काठीस किंचित् ओलें फडकें फिरवून लगेच पुसावें व दांड्यास जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाचें फडकें मात्र पसरून वाळवावें. त्याचा बोळा करून ठेवल्यास तें आपोआप पेटूं शकतें.

वस्तु कशाची घडली आहे हें ओळखून तिला सोसेल तेवढेंच करणें, हीच खरी निगा होय.