प्राडोतली चित्रं, हात लावून बघण्यासाठी
माद्रिदच्या प्राडो संग्रहालयाने २०१५ साली दृष्टिबाधितांसाठी एक प्रदर्शन भरवलं होतं. त्याबद्दल वाचल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगतोय! गोया, एल ग्रेको, वेलास्केझ अशा दिग्गजांची सहा चित्रं, आणि सगळ्यांना हात लावायला पूर्ण परवानगी. लिओनार्दोच्या कार्यशाळेत तयार झालेली मोनालिसाची प्रतही त्यात होती.

अर्थात ही मूळ चित्रं नव्हती, उठावाच्या प्रतिकृती होत्या. मूळ चित्राचा अतिशय बारकाईने फोटो काढायचा, कुठला भाग किती उंच हवा ते ठरवायचं, मग खास शाईने छापून रासायनिक प्रक्रियेने काही मिलिमीटरचा उठाव आणायचा. खरी मेहनत ठरवण्यात आहे. सगळंच उंचावलं तर बोटांना नुसता गोंधळ लागतो; केस, कापड, कातडी यांचे पोत वेगळे कळायला हवेत. रंग मात्र तसेच ठेवले होते, कारण अनेक दृष्टिबाधितांना थोडंफार दिसतं. ही गोष्ट डोळस आयोजक हमखास विसरतात! सोबत ब्रेलमधली माहिती, ऑडिओ गाइड आणि डोळसांसाठी ज्यांतून काहीच दिसत नाही असे चष्मे.

इटलीत अँकोनाला तर स्पर्शासाठीच उभारलेलं अख्खं संग्रहालय आहे, म्युझिओ ओमेरो. आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी या दृष्टिहीन दांपत्याच्या ध्यासातून ते १९९३ मध्ये सुरू झालं. तिथे पार्थेनॉनची प्रतिकृतीही हाताने चाचपून बघता येते.